स्वतःच्या नावापुढचा गोल

डोरीनचा फोन आला तेव्हा आर्डेन टॉर्गरसन फ्रीजमधले डबे तारखेप्रमाणे लावत होता. निवृत्त झाल्यापासून हा उद्योग तो दर गुरुवारी करी, आणि त्याची बायको मार्लिस दर गुरुवारी काहीतरी निमित्त काढून घराबाहेर पडे. डोरीन म्हणजे नगरपालिकेची चिटणीस. बारा महिने सर्दी झाल्यासारखा आवाज. मंगळवारी नगरपालिकेच्या परिषदेसाठी मतदान झालं, यंत्रानं लगेच आकडे सांगितले, काल्डवेल चार मतांनी निवडून आला आणि आर्डेन पडला, इथवर सगळं यथास्थित झालं होतं. पडून दोन दिवस झाले होते आणि आर्डेनला त्या पडण्याचं हळूहळू बरं वाटायला लागलं होतं. लोक दुकानात थांबवून म्हणत, थोडक्यात गेलं हो. तो म्हणे, चालायचंच. आणि पुढची दोन मिनिटं दोघं मिळून बर्फाबद्दल बोलत. आणि आता ही बाई फोनवर सांगत होती की चार मतपत्रिका त्या दिवशी भिजून आल्या होत्या, यंत्र त्या घेईना, म्हणून पाकिटात वेगळ्या ठेवल्या होत्या, त्या आज सुकल्यावर हातानं मोजल्या, आणि आर्डेन, तू बसलेला आहेस का? तो म्हणाला, उभा आहे, पण चालेल.

"चारही तुझ्या निघाल्या," डोरीन म्हणाली. "तीनशे अठरा तू, तीनशे अठरा तो."

मग तिनं नाक ओढून नियम सांगितला. सोमवारी हातानं फेरमोजणी. तेव्हाही असंच आलं तर मंगळवारी चिठ्ठ्या टाकायच्या. कायद्यातच तसं लिहिलंय, तिनं दोनदा वाचलंय. आणि मग, कामाचं बोलणं संपल्यावर, ती म्हणाली की गंमत बघ, एका माणसानं जरी आपलं मत इकडचं तिकडे केलं असतं ना, तर आज हा खेळच उरला नसता. कोण असेल बाई तो. आर्डेन म्हणाला, असेल कुणीतरी. फोन ठेवल्यावर तो उघड्या फ्रीजसमोर, हातात बिटाच्या लोणच्याची बरणी धरून, इतका वेळ उभा राहिला की फ्रीजच टूं टूं करून ओरडायला लागला.

ते कुणीतरी म्हणजे आर्डेनच होता. हे त्याला फोनवरच कळलं होतं, खरं तर मंगळवारी सकाळपासूनच ठाऊक होतं, पण ठाऊक असणं वेगळं आणि त्याचा आकडा होऊन समोर येणं वेगळं. मंगळवारी सकाळी तो बेथनी चर्चच्या तळघरात गेला होता. कॉफीचा वास, ओल्या लोकरीचा वास, घडीची टेबलं, पुठ्ठ्याचे आडोसे. आडोशाआड उभा राहून त्यानं मतपत्रिका उलगडली. तिच्यावर वरपासून खालपर्यंत पुष्कळ मोठमोठी माणसं होती, त्यांना त्यानं आपापल्या जागी निकालात काढलं, आणि तळाशी आली ती ही दोन नावं. रॉजर काल्डवेल. आर्डेन टॉर्गरसन. दोघांपुढे एकेक रिकामा लांबट गोल. स्वतःचं नाव छापलेलं बघून त्याला शर्टाचं बटण उघडं राहिलंय हे चारचौघांत कळावं तसं झालं. ह्या माणसाला मत द्यायचं म्हणजे काय म्हणायचं? की दोघांत हा बरा? आणि हे कोण म्हणणार, तर तोच? पेन त्याच्या नावाच्या गोलावर गेलंही होतं. टेकवायचंच बाकी होतं. पण आर्डेनच्या घराण्यात सात पिढ्यांत कुणी पहिल्या विचारण्याला हो म्हटलेलं नाही. कॉफी घेणार का, असं विचारलं की म्हणायचं, छे छे, नको. पुन्हा विचारलं की म्हणायचं, उगाच तुम्हाला त्रास. तिसऱ्यांदा विचारलं की म्हणायचं, बरं, अर्धा कप, तुम्ही करतच असाल तर. आणि मग दोन कप प्यायचे. ही मतपत्रिका मात्र एकदाच विचारून गप्प बसली होती. आर्डेन थांबला. खरंच, दुसऱ्यांदा विचारायची वाट बघत असल्यासारखा तो तिथे थांबला. पलीकडच्या आडोशातला माणूस खोकला, मागे रांग होती, कुणाचा खोळंबा करणं हे तर त्याहून वाईट. आणि त्यानं काल्डवेलच्या नावापुढचा गोल भरला. चांगला नीट, कडेकडेनं, रेषेबाहेर जाऊ न देता भरला.

बाहेर पडला तेव्हा त्याला फार छान वाटलं होतं. हे कबूल केलं पाहिजे. चर्चच्या पायऱ्या उतरताना त्याला आपण सहा फुटांचे आहोत असं वाटलं, आणि तो पाच फूट सात इंच आहे. मनातल्या मनात त्यानं आकडाही मांडून ठेवला होता: तीनशे वीसएक आपल्याला, अडीचशे त्याला. त्यातलं एक आपण दिलेलं. कुणाला कळणार नाही, पण आपल्याला माहीत. म्हाताऱ्यानं उशीखाली एखादी गोड गोळी जपून ठेवावी तसं ते त्याला जपून ठेवायचं होतं.

आई असती तर तिला सांगता आलं असतं. आई असती तर ती काही बोललीच नसती म्हणा, पण पानात एक बटाटा जास्त पडला असता. आर्डेन नऊ वर्षांचा असताना शाळेत वर्गप्रमुखाची निवडणूक झाली होती. तो एका मतानं निवडून आला आणि धावत घरी येऊन जेवायच्या टेबलावर त्यानं ते सांगितलं. वडिलांनी काटा खाली ठेवला. आई म्हणाली, एकाच मतानं? तो म्हणाला, एकाच. आईनं भिंतीकडे बघत विचारलं, "मग ते एक कुणाचं होतं, आर्डेन?" त्या घरात कधी कुणी कुणाला मारलं नाही, मारलं असतं तर बरं झालं असतं. बुधवार ते शनिवार कुणी आवाज चढवला नाही आणि कुणी मीठही मागितलं नाही. शनिवारी त्याच्या हातात रूबार्बच्या आंबट देठांचा केक देऊन त्याला पडलेल्या मुलाच्या घरी पाठवण्यात आलं. त्या मुलाची आई दारातच म्हणाली, अगं बाई, कशाला उगाच. तिसऱ्यांदा तिनं तो केक घेतला. तेव्हापासून आर्डेननं कशाला म्हणून स्वतःचं नाव पुढे केलं नव्हतं, आणि नगरपालिकेत एकतीस वर्षं तो पाण्याचे मीटर वाचत फिरला ते ह्यामुळेच असेल, कारण त्या कामात माणूस मागच्या दारानं येतो, तळघरात उतरतो, आकडा लिहितो आणि कुणाच्या डोळ्यांत न भरता निघून जातो.

मग हा माणूस उभा तरी कशाला राहिला, असं कुणीही विचारेल. तर त्यालाही कारण ते तळघरच. तिसऱ्या प्रभागाचं मतदान इतकी वर्षं बेथनी चर्चच्या तळघरात होतं. रुळांपलीकडच्या तीन इमारतींत टर्की कोंबड्यांच्या कारखान्यात काम करणारी माणसं राहतात, त्यांना ते चालत आठ मिनिटांवर. काल्डवेल हा टेक्सासहून आलेला, लोकांचं जास्तीचं सामान ठेवायला भाड्याच्या खोल्या देणारा, गडगडून हसणारा माणूस. त्याचं म्हणणं, हे केंद्र बंद करून सगळ्यांचं मतदान हायवेवरच्या हॉकीच्या स्टेडियमात घ्यावं. माणसंही कमी लागतील आणि पार्किंगची चैन होईल. पार्किंगची चैन हे शब्द त्यानं प्रचारात इतक्यांदा उच्चारले की मार्लिसच्या तोंडीसुद्धा बसले. ज्यांच्याकडे गाडीच नाही त्यांनी त्या चैनीचं काय करायचं, आणि पायवाट नसलेला हायवे कसा ओलांडायचा, हे कुणी विचारलं नाही. परिषदेतले सहाजण तीन-तीन असे दुभंगलेले. सातवी खुर्ची तिसऱ्या प्रभागाच्या दोन जागांपैकी एक. तेव्हा लोक आर्डेनकडे आले. तू सगळ्यांच्या घरात जाऊन आलायस, तुला कोण नाही म्हणणार. तो म्हणाला, छे छे. ते पुन्हा आले. तिसऱ्यांदा आले तेव्हा तो म्हणाला, बरं, दुसरं कुणी मिळत नसेल तर.

मार्लिसनं संध्याकाळी बातमी ऐकली आणि तिचा चेहरा उजळला. आपण मत कुणाला दिलं हे तिनं आजवर नवऱ्याला कधी सांगितलं नव्हतं, पण ह्यावेळी आपणहून सांगितलं: तुलाच दिलं, न देऊन सांगते कुणाला, तू निवडून आलास तर महिन्यातले आठ दिवस तरी घराबाहेर जाशील आणि माझ्या डब्यांवर तारखा चिकटवणं थांबेल. मग ती म्हणाली की डोरीन म्हणते ते खरंय, कुणीतरी एक शहाणा असणार. तिला पक्का संशय समोरच्या घरातल्या दातांच्या डॉक्टरवर होता. आर्डेननं त्या बिचाऱ्या डॉक्टरची बाजू घेतली नाही. तो गाजराचे तुकडे काट्यानं एका रांगेत लावत बसला, आणि जेवण झाल्यावर भांडी दोनदा धुतली.

शनिवारी दुपारी इफ्राह आली. रुळांपलीकडच्या इमारतीतली, कारखान्यात टर्की कापणाऱ्या बायकांची मुकादम, मूळची सोमालियाची, तीन मुलांची आई. सहा वर्षांपूर्वी तिच्या इमारतीचं पाणी वारेमाप वाहत होतं तेव्हा आर्डेननं तळघरातल्या भिंतीला कान लावून गळकी नळी शोधून दिली होती, तेव्हापासून ती त्याला अदेर म्हणे, म्हणजे त्यांच्या भाषेत काका. ती सांबुशांनी, म्हणजे त्यांच्याकडच्या सामोशांनी, भरलेला डबा घेऊन आली होती. मार्लिसनं बस म्हटल्याबरोबर बसली, कॉफी घेणार का म्हटल्याबरोबर हो म्हणाली आणि वर दोन चमचे साखर मागितली. आर्डेनला एरवीही ह्या बाईचा हा पहिल्या फटक्यातला हो ऐकून दचकायला होई. आज तर त्याला तिच्याकडे बघवेना. ती उत्साहानं सांगत होती. मंगळवारी पाळी सुटल्यावर त्या चौघीजणी निघाल्या, ती, तिची जाऊ आणि दोघी शेजारणी. चौघींनाही नागरिकत्व ह्याच वर्षी मिळालेलं, चौघींचं आयुष्यातलं पहिलं मत. वाटेत गारांसकट पाऊस. मतपत्रिका हातमोज्यांच्या पाण्यानं भिजल्या. यंत्रानं तिची तीनदा बाहेर टाकली. जाऊ रडायला लागली, तिला वाटलं आपण काहीतरी चुकीचं केलं आणि आता परत सोमालियाला पाठवतात. तिथल्या म्हाताऱ्या बाईनं समजूत काढून त्या पाकिटात ठेवल्या. "त्या चार आमच्या, अदेर," इफ्राह म्हणाली. "डोरीनबाईंनी नाव नाही सांगितलं, पण भिजलेल्या आमच्याच." आणि तिनं टेबलावर चार बोटं उभी करून दाखवली.

आर्डेन म्हणाला, वा वा. तो सांबुसा खात होता, तो तिखट होता, त्याच्या डोळ्यांत पाणी आलं आणि दोघी बायकांना वाटलं तिखटानंच आलं. इफ्राहनं आपणहून दुसरा त्याच्या ताटलीत ठेवला.

रविवारी तो बर्फ काढायला बाहेर पडला. स्वतःच्या दारचा काढला, मग शेजाऱ्याच्या दारचा, मग त्याच्या शेजाऱ्याच्या. फावडं मारता मारता तो कोपऱ्यापर्यंत पोचला. दातांच्या डॉक्टरनं खिडकीतून हात हलवला. डॉक्टरच्या दारचा तर त्यानं फारच मन लावून काढला. आणि तिथे, कमरेत उसण भरलेली असताना, त्याला एक गोष्ट दिसली आणि ती फार लाजिरवाणी होती. इतके दिवस तो स्वतःला समजावत होता की हा आपला विनय. आईनं लावलेली शिस्त. भीड ही भिकेची बहीण म्हणतात, पण भीक लागलीच असेल तर ती आपल्याला, दुसऱ्याचं काय गेलं? पण विनय असता तर पायऱ्या उतरताना सहा फुटांचं वाटलं नसतं. त्याला जिंकायचं होतं. नुसतं जिंकायचं नव्हतं, तर नको नको म्हणत असताना लोकांनी हाताला धरून बसवायला हवं होतं. सगळ्या प्रभागानं यजमानासारखं तिसऱ्यांदा विचारायला हवं होतं. आणि ह्या कौतुकाची हौस फेडायला त्यानं जे मत दिलं होतं ते त्याचं एकट्याचं नव्हतंच; त्या चौघी गारांतून चालत आल्या होत्या आणि त्यातल्या एकीचं त्यानं पुसून टाकलं होतं. तो फावड्यावर हात टेकून उभा राहिला. त्याला स्वतःची लाज वाटली, साधी, लहान मुलाला वाटते तशी, कानापर्यंत. डॉक्टरला वाटलं त्याला दम लागलाय. तो कॉफी घेणार का विचारायला दार उघडून आला आणि आर्डेन छे छे म्हणाला.

सोमवारी फेरमोजणी झाली ती परिषदेच्या सभागृहात, लांब टेबलावर. उमेदवारांना बसून बघण्याचा हक्क असतो, कुठली मतपत्रिका शंकास्पद वाटली तर हात वर करायचा. आर्डेन एका टोकाला, काल्डवेल दुसऱ्या, मागे खुर्च्यांवर मार्लिस आणि दहा-बारा माणसं. डोरीन एकेक कागद उचलून दोघांना दाखवी आणि डाव्या किंवा उजव्या गठ्ठ्यावर ठेवी. माणसं गोल किती तऱ्हांनी भरतात! कुणी फुली मारलेली, कुणी नुसता ठिपका, कुणी इतका जोर केलेला की कागद फाटलेला. एकानं दोन्ही गोल रिकामे ठेवून बाजूला कुत्र्याचं नाव लिहिलेलं. त्या चार सुकलेल्या मतपत्रिका आल्या तेव्हा त्या ओळखू आल्या, कडा पापडासारख्या झालेल्या. आर्डेन खाली बघत राहिला. आणि मग, दोनशेच्या पुढे कुठेतरी, डोरीननं एक कागद उचलला आणि आर्डेनला तो स्वतःचा आहे हे गोल दिसायच्या आधीच कळलं. एकतीस वर्षं चौकोनी रकान्यांत आकडे बसवणाऱ्या हातानं भरलेला तो गोल. कडेला केसभर सुटलेलं नाही, केसभर बाहेर गेलेलं नाही. खोलीत दुसरी कुठली वस्तू इतकी नीटनेटकी नव्हती.

काल्डवेल पुढे वाकला. त्यानं शीळ घातली. "हा बघा माझा मतदार!" तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. "ह्याला म्हणतात निष्ठा. आर्डेन, दोस्ता, बघ, मनात जराही शंका असती तर कुणी असा गोल भरेल का? हा माणूस मला भेटला तर मी त्याला जेवायला नेईन." लोक हसले. डोरीनही कागद उंच धरून म्हणाली, सगळ्यांनी असं भरलं तर माझं काम किती सोपं होईल. त्याला हात वर करायचा हक्क होता. हात वर करून काय म्हणणार? की ह्या मतपत्रिकेला माझी हरकत आहे, ती मी दिलेली आहे? तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणजे काय ते त्याला त्या खुर्चीवर कळलं. कागद उजव्या गठ्ठ्यावर गेला. शेवटी दोन्ही गठ्ठे पुन्हा तीनशे अठरावर थांबले. काल्डवेल जाताना त्याच्या पाठीवर थाप मारून म्हणाला की मी तर बुवा स्वतःला मत दिलं, दोनदा देता आलं असतं तर दोनदा दिलं असतं, तू?

आर्डेन म्हणाला, "मत गुप्त असतं, रॉजर."

घरी जाताना गाडी मार्लिस चालवत होती. चर्च गेलं, शाळा गेली, रुळांचं फाटक पडलेलं होतं तिथे गाडी थांबली. मालगाडी लांबलचक होती. मार्लिस समोर बघत म्हणाली की तो गोल. आर्डेन म्हणाला, कुठला गोल? ती म्हणाली, आर्डेन, मी गेली एक्केचाळीस वर्षं तुझ्या हातच्या चिकटपट्ट्या बघतेय, आपल्या घरात मटारच्या दाण्यांनासुद्धा तारीख असते, मला कुठला गोल म्हणून विचारू नकोस. डबे खडखडत जात राहिले. त्याला वाटलं ती आता ओरडेल, आणि ओरडली तर फार बरं होईल. पण मार्लिसही त्याच मातीतली. ती दातांच्या डॉक्टरबद्दल फक्त एवढंच म्हणाली की त्याला एक केक द्यावा लागणार. मग फाटक उघडलं, तिनं गाडी पुढे घेतली आणि रूळ ओलांडल्यावर म्हणाली, "मला काही सांगू नकोस. सांगायचंच असेल तर त्या चौघींना सांग."

मंगळवारी सकाळी दहाला चिठ्ठ्या. डोरीननं घरून काचेचा मोठा वाडगा आणला होता, ज्यात ती चर्चच्या जेवणाला बटाट्याचं सॅलड आणते. बुडाला तिच्या नावाची पट्टी चिकटवलेली तशीच होती. दोन सारखे कागद, दोन सारख्या घड्या. इफ्राह पाळीला खाडा करून आली होती, सोबत जाऊ, दोघीही मागच्या रांगेत. डोरीननं नाक पुसलं, डोळे मिटले, वाडग्यात हात घातला. त्या दोन क्षणांत आर्डेन ज्या आवेशानं देवाला विनवत होता त्या आवेशानं तो आयुष्यात कुणाकडे काही मागायला गेला नव्हता. मला दे, तो म्हणत होता, मला, मला, मला दे. एकदाच मागतोय असं नाही, शंभरदा मागतोय. त्याला कुणी ऐकलं असतं तर ओळखलं नसतं. डोरीननं घडी उलगडली आणि वाचलं, काल्डवेल.

टाळ्या वाजल्या, फार नाही. काल्डवेलनं हात मिळवला आणि त्यातला आनंद लपवला नाही. कुणीतरी आर्डेनला म्हणालं, थोडक्यात गेलं हो. ह्यावेळी त्याला चालायचंच म्हणता आलं नाही. तो टोपी हातात घेऊनच बाहेर आला. नगरपालिकेच्या पायऱ्यांवर इफ्राह हातमोजे चढवत उभी होती, जाऊ खाली बसथांब्याकडे गेलेली. मार्लिस गाडी काढायला गेली आणि मुद्दाम गाडी फार लांब लावली असावी इतका वेळ आली नाही. इफ्राह म्हणाली, "अदेर, वाईट वाटून घेऊ नका. तुम्ही तुमच्याकडून सगळं केलंत."

तेव्हा त्यानं सांगितलं. सांगताना तो काही सजवायला गेला नाही. मी स्वतःला मत दिलं नाही. त्याला दिलं. काल मोजणीत त्यानं ज्याचं कौतुक केलं तो नीट भरलेला गोल माझा. इफ्राहचा एक मोजा अर्धा चढवलेला तसाच राहिला. तिला आधी वाटलं तिला नीट समजलं नाही, तिनं दोनदा विचारून घेतलं. मग विचारलं, पण का? तो म्हणाला, आमच्यात तसं करत नाहीत; स्वतःचं नाव स्वतः पुढे करणं बरं दिसत नाही.

"बरं कुणाला दिसत नाही?" ती म्हणाली. "तिथे आडोसा होता की."

इफ्राहला राग आला होता आणि तिनं तो झाकला नाही. तिनं सांगितलं की तिच्या जावेच्या पायात त्या दिवशी साधे कापडी बूट होते, दुसऱ्या दिवशी ताप भरला. तिच्या गावात मतपेटी नावाची वस्तू तिनं कधी पाहिली नव्हती, तिच्या बापानं पाहिली नव्हती, आणि इथे एका माणसाला ती हातात मिळते आणि तो तिला पाहुण्याच्या ताटलीतला शेवटचा तुकडा समजतो. ती हळू आवाजात बोलत होती आणि म्हणून ते जास्त लागत होतं. आर्डेन ऐकत राहिला. त्याला मध्येच चुकलं म्हणावंसं वाटलं, पण चुकलं म्हटलं की समोरचा माणूस असू दे असू दे म्हणतो, आणि त्याला आज कुणी असू दे म्हणायला नको होतं. ती बोलायची थांबली. खाली बसथांब्यावर तिची जाऊ पाय आपटत उभी होती.

मग इफ्राहनं मोजा पूर्ण चढवला आणि विचारलं, तुमच्या गाडीत किती माणसं बसतात? तो म्हणाला, सात. तिनं मनाशी हिशेब केला: तीन इमारती, म्हणजे पुढच्या मतदानाला हायवेवरच्या स्टेडियमापर्यंत दहा-बारा खेपा. सकाळी सातला याल? आर्डेन म्हणाला, सहाला येतो. हे त्याच्या तोंडून पहिल्याच विचारण्याला गेलं, पण त्याच्या स्वतःच्या ते ध्यानात आलं नाही, कारण ती पुढचं बोलत होती. ह्या प्रभागाची दुसरी जागा दोन वर्षांनी निघते ना, असं ती विचारत होती. निघते, तो म्हणाला.

"मग मी उभी राहते," इफ्राह म्हणाली. "तुम्ही मला मत द्या. दुसऱ्याला द्यायला तुम्हाला छान जमतं."

आर्डेनला हसू आलं आणि त्याच वेळी डोळे भरून आले, आणि ह्यावेळी तिखटावर ढकलायला काही नव्हतं. त्यानं टोपी डोक्यावर घातली, पुन्हा काढली. मग ज्याची त्याला खरोखर काळजी वाटत होती ते चाचरत विचारलं, की इफ्राह, आणि तू तुझं मत?

"माझं मला," ती म्हणाली आणि मोज्यातली दोन बोटं त्याच्यासमोर धरली. "दोन झाली."